धुतलेला कोळसा

आमच्या वहिनीनं एकदा कोळसा धुतला होता, असं मी पुढं विद्वान मंडळींत सांगितलं की सगळे पोट धरून हसायचे. मी त्यांना पुरतं हसू द्यायचो. मग सांगायचो की त्याच कोळशावर खच्चून भरलेली मोटार तवंदीचा घाट चढून गेली, आणि एकाही उतारूला खाली उतरावं लागलं नाही. मग हसणं थांबायचं. निदान रसायनशास्त्राच्या माणसांचं तरी थांबायचं.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. पेट्रोल कुपनावर मिळायचं, तेही इंजिनाला पहिला धक्का देण्यापुरतं. म्हणून बेळगाव-निपाणी रस्त्यावरच्या सर्व्हिस मोटारींना मागच्या बाजूला लोखंडी भट्ट्या बसवल्या होत्या. पुरुषभर उंचीची टाकी असायची. तिच्यात वरून लाकडी कोळसा ओतायचा, खालून पेटवायचा, हातानं फिरवायच्या पंख्यानं अर्धा तास वारा घालायचा आणि कोळशातून निघणारा वायू नळीतून गाळून इंजिनात सोडायचा. असल्या एका मोटारीवर माझा थोरला भाऊ ड्रायव्हर होता. त्याला आम्ही सगळे अण्णा म्हणायचो.

अण्णानं चौथीत शाळा सोडली होती. खानापूरकडच्या आमच्या गावातून तो बेळगावला आला, आधी मोटारी पुसल्या, मग चालवल्या, आणि त्याच पगारावर मला पुण्याला पाठवून बी.एस्सी. केलं. मी परत येऊन बेळगावातल्या एका हायस्कुलात शास्त्राचा मास्तर झालो. खडेबाजारामागच्या एका बोळात दोन खोल्या आणि मागं परसू, एवढ्यात अण्णा, वहिनी आणि मी राहायचो. घरातला शहाणा मी, हे तिघांनाही मान्य होतं. मला जरा जास्तच मान्य होतं.

पुण्याच्या प्रयोगशाळेत मला एका वायूनं वेड लावलं होतं. कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही, आणि नाकात जास्त गेला की माणूस बसल्या जागी संपतो. आमच्या प्राध्यापकांनी एकदा हा वायू निकेलच्या बारीक भुकटीवरून कोमट नळीतून सोडला. पुढं तीच नळी जरा जास्त तापवली, तर काचेच्या आतून निकेलचा लखलखीत आरसा धरला! धातू वायूच्या पाठीवर बसून पुढं आला होता आणि उष्णता लागताच उतरला होता. निकेल घेऊन जाणारा तो वायू तर आणखी विषारी, म्हणून प्राध्यापकांनी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या होत्या. याच वायूवर संशोधन करायचं असं मी तिथं मनाशी ठरवलं. पण तसली जागा कुठं मिळाली नाही आणि मी आठवीच्या मुलांना चुंबक शिकवू लागलो.

अण्णाच्या मोटारीच्या भट्टीत तयार होणारा वायू हाच होता. त्यामुळं मी सुटीच्या दिवशी त्या भट्टीभोवती घोटाळायचो. एकदा मी तो वायू लोखंडी नळकांड्यात दाबून चार दिवस ठेवला आणि चिनी मातीच्या बशीखाली जाळला. बशीवर तांबूस डाग पडला. वायूनं लोखंडसुद्धा उचलून आणलं होतं. मी ती बशी शाळेत नेऊन मुलांना दाखवली, हेडमास्तरांना दाखवली, शेवटी शिपायालाही दाखवली. अण्णा म्हणाला, ‘‘लई झ्याक. पर हा गॅस गाडी कवा वडणार ते सांग.’’

त्याचं बरोबर होतं. जोवर खानापूरच्या रानातला लाकडी कोळसा मिळत होता तोवर मोटार कशीबशी घाट चढायची. पण रस्त्यावरची प्रत्येक मोटार कोळसा खाऊ लागली आणि तो पुरेसा मिळेनासा झाला. तेव्हा मोटारीच्या मालकांनी एका ओतशाळेतून कोक आणला. कोक म्हणजे दगडी कोळसा भाजून धूर काढून टाकल्यावर उरतो तो कडक, राखाडी, भोकाभोकांचा कोळसा. तो लोखंड वितळवायला उत्तम, पण पेटायला महा आळशी. सपाट रस्त्यावर अर्धा लाकडी कोळसा मिसळून भागायचं. घाटात मात्र वायू पातळ पडायचा आणि इंजिन दमेकऱ्यासारखं खोकून थांबायचं.

तवंदीचा घाट निपाणी सोडल्यावर थोड्याच वेळात लागतो. बेळगावकडं परतताना तो चढायचा, आणि नेमकं परतताना टपावर तंबाखूची पोती असायची. मग कंडक्टर, पन्नाशीचा पिळदार मिशीचा गडी, मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावायचा आणि ओरडायचा, ‘‘मंडळी, उतरा!’’ बायका, म्हातारी माणसं, पेटी-वळकटीवाले, सगळे उतरून पायी घाट चढायचे आणि गडीमाणसं मोटार ढकलायची. रोजच्या उतारूंना याची इतकी सवय झाली होती की घाटाचा पायथा आला की ते आपोआप चपला घालायला लागायचे.

आमचे मालक बेळगावचेच, कन्नड घरातले, मराठी झोकात बोलायचे. माणूस वाईट नव्हता. पण एक दिवस घाटात एका वकिलांना भर उन्हात चालावं लागलं आणि त्यांनी मालकांना चारचौघांत सुनावलं. त्या संध्याकाळी मालकांनी अण्णाला बोलावलं. मीही तिथं होतो.

‘‘ड्रायव्हर, दसऱ्यापर्यंत बघतो. तोवर भरली मोटार घाट चढली तर आयतु, ठीक. नाहीतर मोटार मिलिटरीच्या कंत्राटदाराला देऊन टाकतो. त्याचे ड्रायव्हर त्याच्याकडं आहेत. मग तू दुसरीकडं बघ.’’

‘‘व्हय, मालक,’’ अण्णा म्हणाला. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, ‘‘इंजिन चांगलं हाय रं. माझा हातबी चांगला हाय. कोळसाच नाठाळ हाय. तू एवढा शिकलाईस, काय तरी बघ की.’’

अण्णानं जन्मात माझ्याकडं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. दुसरी मोटार त्याला मिळणार नव्हती, कारण पेट्रोलअभावी निम्मे ड्रायव्हर घरी बसले होते. दसरा तीन आठवड्यांवर होता. मी छाती पुढं काढून म्हणालो, ‘‘आठ दिवसांत करतो.’’

आठ दिवसांत काही झालं नाही. मी टोपलीभर कोक घरी आणला, तो बारीक फोडून पाहिला, चाळून पाहिला, वारा जास्त दिला, कमी दिला. वहिनीच्या शेगडीत तो पेटता पेटत नव्हता. पेटलाच तर मधेच विझायचा. मी कोकला शिव्या द्यायचो, शेगडीला द्यायचो आणि घरात कुणी काही विचारलं तर त्यांच्यावरही खेकसायचो. माझा स्वभाव तेव्हा तसाच होता. आता सुधारला आहे असं मी म्हणतो, बाकी कुणी म्हणत नाही.

तेवढ्यात नवरात्र जवळ आलं. आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातली चिंधी न् चिंधी धुऊन काढतात. वाकळा, गोधड्या, पडदे, डबे, पाट, उखळ, सगळं. माझी वहिनी या कामात कुणाला हार जाणारी नव्हती. एके दिवशी शाळेतून आलो तर परसात वाकळांच्या शेजारी गोणपाटावर माझा कोक ओळीनं वाळत घातलेला.

‘‘वहिनी, हे काय?’’

‘‘धुतला,’’ ती म्हणाली.

‘‘कोळसा धुतला?’’

‘‘मग? ओतशाळेतला कोळसा तो. तिथं काय काय वितळवत्यात, कुणाकुणाचं हात लागत्यात. घट बसणार, आन् ह्यो असाच माझ्या चुलीम्होरं ठेवू व्हय?’’

मी कपाळावर हात मारला. ‘‘वहिनी, कोळसा उगाळावा तितका काळा म्हणतात. आणि तुम्ही तो धुवायला निघालात!’’

‘‘काळा ऱ्हाऊ दे की. सोच्छ तर झाला,’’ ती म्हणाली आणि डबे घासायला वळली. मी तो विनोद दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्या मास्तरांना सांगितला.

घट बसले. त्या सकाळी मी आंघोळ करून आलो तर चहा तयार होता. रोज शेगडी पेटेपर्यंत मी कुरकुरत बसायचो, म्हणून विचारलं, ‘‘आज लवकर कसा?’’

‘‘तुमचाच कोळसा घातलाय. चांगला पेटतोय की. तुमी उगंच त्याला नावं ठेवत हुता.’’

माझा विश्वास बसला नाही. त्यात लाकडी कोळसा मिसळला असणार, असं मी तिला तोंडावर म्हणालो. तिनं चिमट्यानं एकेक निखारा उचलून माझ्यापुढं धरला. भोकाभोकांचा कोकच होता तो, आणि असा रसरसून फुलला होता की मला हात मागं घ्यावा लागला. वर निळी ज्योत नाचत होती. माझ्या वायूची ज्योत.

चहा तसाच राहिला. मी विचारलं, ‘‘वहिनी, धुतला कशानं?’’

‘‘राखंच्या पाण्यानं. वाकळा धुतल्या त्याच पाण्यात. माझ्या म्हायेरची राख हाय ती, तिला सर न्हाय.’’

वहिनीचं माहेर निपाणीजवळच्या एका खेड्यातलं. तिथं तंबाखूचं पीक काढलं की रानात तंबाखूची खुंटं उरतात. ती वाळवून लोक चुलीत घालतात. त्या खुंटांची राख वहिनी दरवर्षी पोतंभर आणायची, भांड्यांना आणि धुण्याला. मी मूठभर राख पुडीत बांधून शाळेत पळत गेलो. राखेचं पाणी तारेवर घेऊन ज्योतीत धरलं आणि निळ्या काचेतून पाहिलं. ज्योत जांभळट दिसली. पोटॅश! नुसती ठासून भरलेली होती ती राख पोटॅशनं.

मग सगळं कळलं. भट्टीत आधी कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड होतो. तो इंजिनाच्या काही कामाचा नाही. त्यानं पुढं धगधगत्या कोळशातून जाताना आणखी कार्बन घेतला तरच त्याचा मोनॉक्साइड होतो, आणि तोच मोटार ओढतो. कोकमध्ये ही दुसरी पायरी फार सावकाश होते. पोटॅश असला की ती झटपट होते. तो काही स्वतः जळत नाही. मोठा धोंडा हलवताना एक जण बाजूला उभा राहून ‘हैस्सा’ म्हणतो, त्याचा हात लागत नाही पण धोंडा हलतो, तसं काम. पुस्तकात त्याला उत्प्रेरक म्हणतात. मी तो शब्द पाठ केला होता, परीक्षेत लिहिला होता आणि मुलांना शिकवला होता. माझ्या घरात तो भांडी घासायच्या मडक्यात पडून होता आणि मला दिसला नव्हता.

आता शहाण्या माणसानं काय करावं? वहिनीला विचारून तसाच कोळसा पुन्हा धुवावा. मी तसं केलं नाही. धुणं वगैरे बायकी कारभार, शास्त्र म्हटलं की सरळ मोजमाप, असं म्हणून मी तिसऱ्या माळेला पाटीभर राख तशीच भट्टीत ओतली. मोटार सुसाट निघाली. अण्णा खूश, मी त्याहून खूश. संकेश्वरपर्यंत असा वायू सुटत होता की विचारू नका. आणि मग भट्टीनं एकाएकी दम कोंडला. राखेतली वाळूमाती वितळून खाली जाळीवर तिचा काचेसारखा खंगर बसला होता. कंडक्टर आणि अण्णा भर उन्हात पहारीनं तो फोडत बसले. उतारू झाडाखाली बसून आम्हाला मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत नावं ठेवत होते.

‘‘मास्तर,’’ कंडक्टर घाम पुसत म्हणाला, ‘‘ही गॅसची भट्टी हाय का विटांची?’’

मालकांच्या कानावर हे गेलंच. त्यांनी निरोप धाडला की अजून एक फेरी बघतो, मी स्वतः येणार आहे, त्यानंतर बोलायचं नाही.

त्या दिवशी घरी मी पाटावर बसून भाकरी नुसतीच कुस्करत होतो. अण्णा जेवत होता. त्यानं मला एका शब्दानं टोचलं नाही, आणि तेच मला सोसत नव्हतं. वहिनीनं भाकरी वाढता वाढता विचारलं, ‘‘राख कशी घातली म्हणं, भावजी?’’

मी सांगितलं. तिनं हातातली भाकरी खाली ठेवली.

‘‘अगं बया! धुणं राखंत घोळत्यात व्हय? राख पाण्यात कालवायची, निवळू द्यायची, वरचं पाणी तेवढं घ्यायचं. गाळ उकिरड्यात. एवढं तर न्हानग्या पोरीला बी कळतंय.’’

मी बी.एस्सी. होतो. विरघळणारा पोटॅश पाण्यात राहतो आणि न विरघळणारी माती तळाशी बसते, हे मला सांगायला वहिनी कशाला हवी होती? पण हवी होती, हे खरं.

दुसऱ्या दिवसापासून परसात कारखाना सुरू झाला. यावेळी हुकूम वहिनीचा आणि हमाली माझी. तिनं चार रांजण मांडले. पाण्यात खार पुरेसा उतरला की नाही ते ती बोटानं चाखून, थुंकून सांगायची. मी ते काचेच्या नळीत घेऊन तोलून पाहायचो आणि दरवेळी तिचं बरोबर निघायचं. कोक त्या पाण्यात भिजत ठेवायचा, उपसायचा, वाळवायचा. तो ओला राहिला तर भट्टी थंड पडणार, म्हणून ती प्रत्येक तुकडा गालाला लावून बघायची. संध्याकाळी तिचे गाल काळे झालेले असायचे. शेजारणी कुंपणावरून विचारायच्या, ‘‘काय वो, ह्याचं वाळवण घालताय?’’ ती म्हणायची, ‘‘व्हय, पापड हाईत. या खायाला.’’

परदेशातही त्या सुमारास कोकवर सोड्याचं पाणी मारून मोटारी चालवत होते, असं मी पुढं वाचलं. तिथं ते काम मोठाल्या प्रयोगशाळांत झालं असेल. आमच्याकडं ते एका बाईनं केलं. मला याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

खंडेनवमीला मोटार पूजेसाठी उभी राहणार होती, म्हणून शेवटची फेरी अष्टमीला ठरली. माहेराहून आणखी राख आणायची म्हणून वहिनीही सकाळी आमच्याबरोबर निपाणीला आली. दुपारी परतताना टपावर तंबाखूची पोती, आत बाकांवर दाटीवाटीनं उतारू, मागं बायकांत राखेची दोन पोती पायाशी घेऊन वहिनी, पुढं मालक आणि भट्टीत नुसता कोक, लाकडी कोळशाचा एक तुकडासुद्धा नाही.

घाटाचा पायथा आला. लोक सवयीनं चपला घालू लागले. कंडक्टर तर ठोकळा घेऊन खाली उतरलासुद्धा.

अण्णा मान न वळवता म्हणाला, ‘‘कुणी उतरायचं न्हाय.’’

मोटार चढणीला लागली. मी मागच्या फळीजवळ उभा राहून भट्टीचा आवाज ऐकत होतो. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर इंजिनाचा सूर खाली आला. तिथंच ते रोज थांबायचं. मालकांनी दांडा घट्ट धरला. अण्णानं गिअर बदलला, मोटारीला हिसका बसला, आणि सूर तिथंच राहिला. खाली गेला नाही. मग हळूहळू वर आला. मागून कंडक्टर ठोकळा काखेत मारून पळत होता आणि ‘‘थांबा, थांबा!’’ म्हणून ओरडत होता. उतारू हसायला लागले. कुणीतरी देवाच्या नावानं चांगभलं केलं.

माथ्यावर अण्णानं कंडक्टरसाठी मोटार उभी केली. मालक माझ्याकडं वळले. त्यांचे डोळे चमकत होते. ‘‘मास्तर! शिकल्याचं सार्थक केलंत. ही मोटार आता कुठं जात नाही आणि हा ड्रायव्हरही जात नाही.’’

मी ‘‘अहो, त्यात काय’’ म्हणायला तोंड उघडलं होतं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी सगळं श्रेय घेऊन टाकलं असतं.

‘‘मालक, मास्तर न्हाय,’’ अण्णा म्हणाला.

तो खाली उतरून मागच्या दारापाशी आला. चारचौघांत बायकोचं नाव काढणं सोडाच, तिच्याकडं बघायचीही आमच्याकडं पद्धत नव्हती. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण परक्यापुढं तो तिच्याविषयी बोललेला मी कधी ऐकला नव्हता. त्यानं सरळ बोट दाखवलं.

‘‘आमच्या घरातलीनं धुतलाय कोळसा. ही गाडी तिनं वर आणलीया. आम्ही दोघं नुसतं हात लावणारं.’’

सगळी मोटार मागं वळली. वहिनीनं पदर इतका खाली ओढला की हनुवटीच तेवढी दिसत राहिली, आणि ती पदराआडून पुटपुटली, ‘‘काय तरीच. चला की लवकर, आभाळ आलंय. परसात कोळसा वाळतोय.’’

मालक उठले. दोन बाकांमधून वाट काढत तिच्यापर्यंत गेले आणि त्यांनी हात जोडले. ‘‘आक्का, उद्या मोटारीची पूजा तुमच्या हातानं व्हायची. नारळ तुम्ही फोडायचा.’’

मोटारीची पूजा तोवर कुठल्या बाईनं केलेली मी पाहिली नव्हती. अण्णा जागेवर जाऊन बसला होता, पण चाकावर हात ठेवून तो नुसताच समोर बघत होता, मोटार काही सुरू करत नव्हता. इतकी वर्षं ही बाई माझी भांडी घासत होती, माझं खेकसणं ऐकत होती आणि मी घरातला शहाणा म्हणून मिरवत होतो. मी बाकावर चढून उभा राहिलो आणि अख्ख्या मोटारीला ऐकू जाईल असं ओरडलो, ‘‘ह्या माझ्या वहिनी आहेत!’’

सगळ्यांना ते एव्हाना कळलेलंच होतं, पण मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.